कारणाला स्वतःचा बार द्या: कंत्राटातले बदल आणि उशीर शेड्यूलमध्ये दाखवण्याची रीत

घोडबंदर रोडवरच्या एका शाळेच्या इमारतीचं शेड्यूल माझ्याकडे तपासायला आलं होतं. मूळ शेड्यूलमध्ये खोदकामाला ३० दिवस होते, सुधारित शेड्यूलमध्ये ७४. कामाचा बार, म्हणजे तक्त्यावरची त्याची पट्टी, नुसता लांबला होता; लांबण्याचं कारण कुठेच दिसत नव्हतं. त्या वाढीव ४४ दिवसांत तीन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या: अंदाजापेक्षा वरच लागलेला कातळ, मालकाने उशिरा मोकळा करून दिलेला जागेचा एक कोपरा आणि कंत्राटदाराचा स्वतःचा बंद पडलेला, कातळ फोडायचा ब्रेकर. मालकाच्या सल्लागाराने बैठकीत एकच विचारलं, "यातले तुमचे दिवस किती आणि आमचे किती?" कंत्राटदाराची बाजू बरीचशी खरी होती, पण उत्तर देता आलं नाही. मुदतवाढ अर्धीमुर्धी मिळाली आणि थांबलेल्या यंत्रांचे पैसे गेले ते गेलेच.

ठाणे-नवी मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंत्राटदारांकडून ही चूक मी वर्षानुवर्षं होताना पाहतो आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती टाळणं अवघड नाही. जुना बार ताणायचा नाही. प्रत्येक बदलाला आणि प्रत्येक उशिराला स्वतःचा बार, स्वतःच्या तारखा आणि स्वतःची जोडणी (कोणत्या कामानंतर आणि कोणत्या कामाआधी) द्यायची. ते कोणत्या क्रमाने करायचं, ते पुढे लिहिलं आहे. क्रम मोडला तर उत्तर चुकतं, म्हणून टप्पे वगळू नका.

प्रायमावेरा आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, शेड्यूल करायच्या या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं. एक्सेलमध्ये रंगवलेल्या बार चार्टवर मात्र जमणार नाही, कारण तिथे एका कामाची दुसऱ्याशी जोडणीच नसते. तुमच्याकडे तेवढंच असेल तर आधी जोडण्यांसह शेड्यूल तयार करा, मग इकडे या.

तयारी: संगणक उघडण्याआधी

पहिला कागद म्हणजे करार. त्यातल्या चार गोष्टी शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: नोटीस किती दिवसांत द्यायची, ती कोणाला द्यायची, मुदतवाढीची कारणं कोणती मान्य आहेत आणि शेड्यूल कोणत्या स्वरूपात मागितलं आहे. फिडिक या आंतरराष्ट्रीय सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेच्या १९९९च्या नमुना करारावर, म्हणजे लाल पुस्तकावर, करार बेतलेला असेल तर घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस आणि ४२ दिवसांत सविस्तर मागणी द्यावी लागते. २०१७च्या आवृत्तीत सविस्तर मागणीची मुदत ८४ दिवस झाली, नोटिशीचे २८ दिवस तसेच राहिले. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) जुन्या सर्वसाधारण अटींवरून घेतलेल्या करारांत १४ दिवस सापडतात. खाजगी बिल्डरच्या करारात ७ दिवसही असू शकतात. शेजारच्या साइटवर काय चालतं त्यावर जाऊ नका, स्वतःचा करार वाचा.

दुसरा गठ्ठा पुराव्यांचा. ड्रॉइंग रजिस्टरमध्ये प्रत्येक ड्रॉइंगची सुधारणा आणि ती हातात पडल्याची तारीख हवी. रोजचा डीपीआर (प्रगती अहवाल), हिंडरन्स रजिस्टर (अडथळ्यांची नोंदवही), मजुरांची हजेरी आणि तारखेसह फोटो हवेत. आणि आरएमसीची, म्हणजे गाडीने येणाऱ्या तयार काँक्रीटची, चलनं. स्लॅब कोणत्या दिवशी भरला यावर वाद झाला की गाडीची वेळ छापलेलं चलन सगळ्यांना गप्प करतं. तरीही बहुतेक ठिकाणी ती चलनं फक्त अकाउंट्सच्या फायलीत पडून असतात. एक प्रत प्लॅनिंगकडे येऊ द्या.

सावधान: व्हॉट्सॲपवर आलेली सूचना त्याच दिवशी ईमेलवर कायम करून घ्या. "आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे ब विंगचं काम थांबवलं आहे" एवढं एक वाक्य पुरतं. सहा महिन्यांनी कोणाचा फोन बदलला, कोण नोकरी सोडून गेलं, याचा भरवसा नसतो.

टप्पा १: बेसलाइन गोठवा

मंजूर झालेलं पहिलं शेड्यूल ही तुमची मोजपट्टी. तिला हात लावायचा नाही. मूळ फाइल वेगळ्या नावाने, तारखेसह जतन करा, मंजुरीचं पत्र तिच्या शेजारी ठेवा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका फाइलमध्ये ११ बेसलाइन मावतात, पण "सेट बेसलाइन" दाबताना चुकून शून्य क्रमांकावरच नवी बेसलाइन चढवली की मूळ तारखा पुसल्या जातात. हा अपघात मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता प्रत्येक कामाच्या सुरुवातीलाच बेसलाइनची पीडीएफ छापून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायला लावतो.

गोठवण्याआधी बेसलाइन निरोगी आहे का ते पाहा. पहिलं आणि शेवटचं काम सोडून प्रत्येक कामाच्या मागे आणि पुढे जोडणी हवी. "याच तारखेला संपलंच पाहिजे" अशी सक्तीची तारीख एखाद्या कामावर ठोकली असेल तर ती काढा. अशी तारीख असली की मागे कितीही उशीर घाला, शेवट जागचा हलत नाही आणि तुमची मागणी शून्य दिसते.

तपासणी: खोदकामाचा कालावधी तात्पुरता २० दिवसांनी वाढवून शेड्यूल चालवा. शेवटची तारीख, असलेला फ्लोट (शेवट न हलता कामाला उशीर चालेल अशी दिवसांची सवड) वजा करून, तेवढीच पुढे गेली पाहिजे. गेली नाही तर कुठेतरी जोडणी तुटली आहे. ती दुरुस्त करा, २० दिवस परत काढा. बेसलाइन आधीच मंजूर झालेली असेल तर ही दुरुस्ती लपवू नका, पत्राने कळवा.

टप्पा २: घटनेला नंबर द्या आणि नोटीस पाठवा

एक घटना, एक नंबर. "ड्रॉइंग उशिरा आली" ही एक घटना होत नाही. कोणतं ड्रॉइंग, कोणत्या कामासाठी, कधी हवं होतं, कधी आलं, असं सुटं करा. रजिस्टरमध्ये पाच वर्ग ठेवा: मालकाने केलेला बदल, मालकाकडून झालेला उशीर, महापालिका, महावितरण किंवा पोलिसांसारख्या तिसऱ्याकडून आलेला अडथळा, निसर्ग, आणि स्वतःचा उशीर. शेवटचा वर्ग बहुतेक जण ठेवतच नाहीत. तो ठेवाच. टप्पा ८मध्ये तोच तुमच्या उरलेल्या मागणीला वजन देतो.

तिसऱ्याकडून येणाऱ्या अडथळ्यात बारकाई लागते. ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळेत बंदी असते हे निविदा भरताना सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे त्या बंदीसाठी मुदतवाढ मागून उपयोग नाही. निविदेनंतर नवी अधिसूचना निघाली आणि मातीच्या डंपरचे तास आणखी घटले, तर ती घटना होते. आधीचे तास किती, नंतरचे किती आणि रोजच्या खेपा किती कमी झाल्या, हे तिन्ही एकत्र नोंदवा.

नोटिशीला शेड्यूलची वाट पाहायला लावू नका. परिणाम किती दिवसांचा हे कळायच्या आत नोटीस गेली पाहिजे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं ५५वं कलम सांगतं की समोरच्याने ठरलेल्या वेळी न केलेली गोष्ट तुम्ही उशिरा स्वीकारलीत आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाहीत, तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. उशिरा मिळालेली जागा किंवा ड्रॉइंग मुकाट्याने घेऊन कामाला लागणारा ठेकेदार इथेच अडकतो.

टप्पा ३: घटनेच्या आदल्या दिवसाचं शेड्यूल उभं करा

सर्वात जास्त चुका या टप्प्यात होतात. बदल आला की लोक थेट बेसलाइन उघडतात आणि त्यात बदल घालतात. पण बेसलाइन सांगते की काम कसं होणार होतं. घटना घडली तेव्हा काम कुठे होतं, हे तिला माहीत नसतं. घटनेच्या वेळी तुम्ही आधीच १२ दिवस मागे असाल तर ते १२ दिवस मालकाच्या बदलाच्या पोटात शिरतात. समोरचा सल्लागार ते पकडतो आणि मग तुमच्या खऱ्या दिवसांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

म्हणून घटनेच्या लगेच आधीच्या तारखेचं अपडेट करा. प्रायमावेरात डेटा डेट, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये स्टेटस डेट (प्रगती जिथवर नोंदवली ती तारीख) त्या दिवशी आणा. सुरू झालेल्या प्रत्येक कामाला खरी सुरुवात, संपलेल्याला खरा शेवट आणि अर्धवट असलेल्याला उरलेले दिवस भरा. उरलेले दिवस टक्क्यांवरून काढू नका. "स्टील ६० टक्के बांधलं" म्हणजे ४० टक्के वेळ उरला असं होत नाही. कोपरे, लिफ्टचा गाभा आणि जिन्याचं स्टील नेहमी जास्त वेळ खातं. साइट इंजिनिअरला आणि फिटरच्या मुकादमाला विचारा, "किती दिवसांत मोकळं होईल?" त्यांचा आकडा भरा.

क्रम सोडून सुरू केलेल्या कामांसाठी प्रायमावेरात "रिटेन्ड लॉजिक" आणि "प्रोग्रेस ओव्हरराइड" असे दोन मुख्य पर्याय असतात. पहिला मूळ क्रम पाळतो, दुसरा तो तोडतो. कोणता वापरलात ते अहवालात लिहा आणि सगळ्या महिन्यांत एकच वापरा. मधेच बदललात तर शेवटची तारीख आपोआप उडी मारते आणि ती उडी कोणाच्या नावावर टाकायची हे कोणालाच सांगता येत नाही.

तपासणी: डेटा डेटच्या डावीकडे एकही न झालेलं काम नको आणि उजवीकडे एकही झालेलं काम नको. मगच पुढे जा.

टप्पा ४: बदलाचं छोटं शेड्यूल बांधा

आपल्या धंद्यात याला फ्रॅगनेट म्हणतात: एका बदलामुळे वाढलेल्या कामांची, वाट पाहण्याची आणि मंजुऱ्यांची छोटी साखळी. एक उदाहरण पूर्ण करू.

समजा, घणसोलीत तळघर आणि १४ मजल्यांची इमारत आहे. साइट सातही दिवस चालते, म्हणून सगळे दिवस कॅलेंडरचे धरू. ४ नोव्हेंबर २०२५च्या अपडेटप्रमाणे राफ्टचं (पायाच्या सलग काँक्रीट थराचं) स्टील १० नोव्हेंबरला सुरू होणार आहे आणि इमारत ३० सप्टेंबर २०२७ला पूर्ण होणार आहे. ५ नोव्हेंबरला मालकाचा ईमेल येतो: तळघराच्या एका भागात यांत्रिक पार्किंगसाठी खड्डा हवा, तिथलं राफ्टचं काम थांबवा, सुधारित ड्रॉइंग पाठवतो.

खड्डा राफ्टच्या एका भागातच आहे, पण शेड्यूलमध्ये राफ्ट हा एकच बार आहे. तसाच ठेवून त्याला बदल जोडला तर पूर्ण राफ्ट थांबल्यासारखी दिसेल आणि मागणी फुगेल. आधी त्या बारचे भाग अ आणि भाग ब असे दोन तुकडे करा, खड्डा अ मध्ये.

तपासणी: तुकडे केल्यावर, बदल घालण्याआधी, शेड्यूल एकदा चालवा. शेवट ३० सप्टेंबर २०२७च आला पाहिजे. एक दिवसाचाही फरक पडला तर तुकडे चुकले आहेत. ही एक ओळ अहवालात लिहिलीत की समोरच्याची निम्मी शंका तिथेच फिटते.

आता फ्रॅगनेट:

१. बदलाची सूचना मिळाली: ५ नोव्हेंबर, शून्य दिवसांचा टप्पा (माइलस्टोन).
२. सुधारित आरसीसी ड्रॉइंगची वाट: ६ ते २१ नोव्हेंबर, १६ दिवस.
३. जादा खोदकाम आणि पाणी उपसा: २२ ते २७ नोव्हेंबर, ६ दिवस.
४. खड्ड्याचं पीसीसी (साधं, बिनस्टीलचं काँक्रीट) आणि वॉटरप्रूफिंग: २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, ५ दिवस.
५. खड्ड्याचा तळ आणि भिंती, स्टील-शटरिंग-काँक्रीट: ३ ते ११ डिसेंबर, ९ दिवस.

एकूण ३६ दिवस. वाट पाहण्याला स्वतंत्र बार दिला आहे ते लक्षात घ्या. लोक खोदकाम दाखवतात आणि ड्रॉइंगची वाट विसरतात, खरं तर इथे सर्वात मोठा तुकडा तोच आहे. ड्रॉइंग अजून आलं नसेल तर मालकाने लेखी दिलेली तारीख घाला. तीही नसेल तर याच कामावर आधीच्या ड्रॉइंगना जेवढे दिवस लागले ते घाला आणि "अंदाज" असं स्पष्ट लिहा. ड्रॉइंग आलं की खरी तारीख भरा.

कालावधी कुठून आणले तेही लिहा. खाडीकडच्या चिकणमातीत पाणी उपसत केलेलं खोदकाम आणि येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडच्या कातळात ब्रेकरने केलेलं खोदकाम यांचा वेग सारखा नसतो. याच साइटवर याच यंत्रांनी मागच्या महिन्यात रोज किती घनमीटर काढले, तो आकडा सगळ्यात खंबीर.

टप्पा ५: जोडा, चालवा, आकडा वाचा

फ्रॅगनेटचं शेवटचं काम राफ्ट भाग अच्या स्टीलला जोडा. भाग बला जोडू नका, तो थांबलेलाच नाही. सूचनेच्या टप्प्याला मागे काहीतरी खरं जोडलेलं हवं; निदान डेटा डेटशी त्याची तारीख जुळायला हवी. मग शेड्यूल चालवा.

भाग अचं स्टील १० नोव्हेंबरऐवजी १२ डिसेंबरला सुरू होतं, म्हणजे ३२ दिवस मागे. ३६ नाही, कारण ६ ते ९ नोव्हेंबर हे चार दिवस राफ्टचं काम तसंही सुरू होणार नव्हतं. आणि इमारतीची शेवटची तारीख जाते २७ ऑक्टोबर २०२७ला, म्हणजे २७ दिवस पुढे. ३२ नाही, कारण त्या वेळी क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, मागच्या बाजूच्या पाइल कॅपमधून (खोल खांबांच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून) जात होता आणि राफ्टच्या भाग अवर ५ दिवसांचा फ्लोट होता.

३६, ३२ आणि २७. मुदतवाढ मागायची ती २७ दिवसांची. ३६ मागणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो आणि शेवटी बैठकीत घासाघीस होऊन त्याच्या पदरात कधीकधी २०ही पडत नाहीत. २७ मागणाऱ्याच्या हातात मोजलेलं उत्तर असतं.

ते ५ दिवस फ्लोटचे कोणाचे, यावर भांडण होतं. करार गप्प असेल तर सर्वसाधारण रीत अशी की फ्लोट प्रकल्पाचा, जो आधी वापरेल त्याचा. म्हणून फ्लोट संपला तरी ती घटना शेड्यूलमध्ये दाखवाच. मालकाच्या बदलाने राखीव दिवस खाल्ले हे पुढच्या घटनेच्या वेळी उपयोगी पडतं.

काम वाचवण्यासाठी तुम्ही क्रम बदलला असेल, उदाहरणार्थ भाग ब आधी भरून घेतला असेल, तर तो बदल फ्रॅगनेटनंतर वेगळ्या पायरीत करा. आधी परिणाम, मग उपाय. दोन्ही एकदम केले तर तुम्ही किती दिवस वाचवून दिले हे दिसतच नाही.

काही वेळा बदलात काम कमी होतं. ते काम शेड्यूलमधून पुसू नका. उरलेला कालावधी शून्य करा, नावापुढे "वगळलं" आणि घटनेचा नंबर लिहा. पुसलं की मागची-पुढची जोडणी तुटते.

सरकारी कामात आणखी एक सूत्र समोर येतं. सीपीडब्ल्यूडीच्या १२व्या कलमाप्रमाणे वाढीव कामाची किंमत मूळ निविदा किमतीच्या ज्या प्रमाणात, त्या प्रमाणात वेळ वाढतो आणि त्यावर त्या वेळेचे आणखी २५ टक्के मिळतात. २० कोटींचं, १८ महिन्यांचं काम २ कोटींनी वाढलं तर १.८ महिने अधिक ०.४५, म्हणजे सव्वादोन महिने. हे वाढलेल्या कामासाठी आहे. ड्रॉइंगअभावी थांबलेले दिवस त्यात येत नाहीत, ते अडथळा म्हणून वेगळेच मागावे लागतात.

टप्पा ६: बदल नाही, नुसता उशीर

रीत तीच, फ्रॅगनेट बहुधा एका बारचं. नौपाड्यातल्या सोसायटीच्या पुनर्विकासात दोन इमारती रिकाम्या झाल्या आणि तिसरीतली काही कुटुंबं अजून तिथेच आहेत, अशी स्थिती घ्या. "जागेचा ताबा" हा बार लांबवू नका. ताबा तीन टप्प्यांत फोडा, प्रत्येकाला खरी तारीख द्या आणि तिसऱ्या इमारतीचा ताबा तिच्या पाडकामालाच जोडा. बाकीच्या दोन जागांवर काय चालू होतं ते आपोआप दिसतं.

काम थांबण्याचा हुकूम आला तर त्या दिवशी चालू असलेलं प्रत्येक काम थांबवल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची तारीख भरा. पुन्हा सुरू होण्याला लागलेला वेळ, म्हणजे माणसं गोळा करणं, गंजलेलं स्टील साफ करणं, वेगळ्या बारमध्ये.

पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे झालेला उशीर दाखवणं सगळ्यात कठीण. "आरए बिल नं. ६ थकलं" (आरए म्हणजे चालू कामाचं बिल) असा बार शेड्यूलमध्ये हवेत लटकतो. बिल थकल्यामुळे नेमकं काय थांबलं, स्टीलची कोणती ऑर्डर, कोणती टोळी, हे कागदावर दाखवता आलं तरच तो त्या कामाला जोडा.

टप्पा ७: पाऊस

मुंबई परिसरात मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, परतण्याची ८ ऑक्टोबर. हे चार महिने सगळ्यांना माहीत आहेत आणि बेसलाइनमध्ये त्यांची सोय आधीच असायला हवी: खोदकाम, गिलावा, बाहेरचा रंग यांना वेगळं पावसाळी कॅलेंडर, आतल्या कामांना नेहमीचं. "पाऊस पडला" या कारणावर मुदतवाढ मिळत नाही. मिळते ती असाधारण पावसावर, आणि असाधारण म्हणजे काय हे आकड्यांनी दाखवावं लागतं.

हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६पासून अति जोरदार आणि २०४.४च्या वर अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. जवळच्या केंद्राचा रोजचा आकडा घ्या, मागच्या दहा वर्षांच्या त्याच महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहा. तुमच्या कॅलेंडरने त्या महिन्यात जेवढे दिवस आधीच सोडले होते ते वजा करा. उरलेलेच मागा.

सावधान: पाऊस थांबला त्या दिवशी काम सुरू झालं नाही, तळघरातलं पाणी उपसायला तीन दिवस गेले, तर ते तीन दिवस पंपाच्या नोंदींसह वेगळे दाखवा. पावसाच्या दिवसांत मिसळले की दोन्ही संशयास्पद होतात.

टप्पा ८: दोघांचा उशीर एकाच वेळी

घणसोलीच्या उदाहरणात परत जाऊ. दिवाळी-छटला गावी गेलेली कंत्राटदाराची स्टीलची टोळी १८ नोव्हेंबरला परतली. म्हणजे मालकाने बदल सांगितला नसता तरी भाग अचं स्टील १९ला सुरू झालं असतं.

हे लपवण्याचा मोह होतो. लपवू नका, हजेरीपट मालकाकडेही असतो. त्याऐवजी मोजा. मालकाच्या घटनेने १० ते १४ नोव्हेंबरचे ५ दिवस फ्लोट खाल्ला. शेवटच्या तारखेला धक्का लागतो तो १५ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर, बरोबर २७ दिवस. त्यातले १५ ते १८ हे ४ दिवस तुमची टोळीही नव्हती. म्हणजे २३ दिवस निखळ मालकाचे, ४ दोघांचे.

त्या ४ दिवसांचं काय? ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या प्रोटोकॉलप्रमाणे अशा दिवसांची मुदतवाढ मिळावी, पण थांबल्याचा खर्च मात्र वेगळा काढून दाखवता आला तरच. आपल्याकडच्या अनेक करारांत हिंडरन्स रजिस्टरमधले एकावर एक आलेले दिवस एकदाच धरतात. तुमचा करार काय म्हणतो ते पाहा आणि मागणी दोन ओळींत फोडा: वेळ २७ दिवस, खर्च २३ दिवसांचा. स्वतःचे चार दिवस स्वतः कबूल केलेला माणूस उरलेल्या तेवीसांवर ठामपणे बोलू शकतो. मी हे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे.

ज्यांनी वर्षभर काहीच केलं नाही आणि आता प्रकल्प संपताना बारा घटनांची मागणी एकदम करायची आहे, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. काय घडलं ते आता पूर्ण माहीत असताना अंदाजी कालावधींची फ्रॅगनेट घालत बसू नका. त्या प्रोटोकॉलची २०१७ची दुसरी आवृत्तीही घटना मागे पडल्यावर ही पद्धत सुचवत नाही. त्याऐवजी महिन्यामहिन्याच्या खिडक्या करा. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला शेवटची तारीख काय होती, अखेरीला काय झाली आणि त्या महिन्यात क्रिटिकल पाथवर नेमकं काय घडलं, हे खऱ्या नोंदींवरून लिहा. मेहनत जास्त आहे, पण टिकतं.

टप्पा ९: पाठवताना

दोन फाइल पाठवा: बदल घालण्याआधीची आणि घातल्यानंतरची. दोन्ही मूळ स्वरूपात, नुसती पीडीएफ नको. फ्रॅगनेटच्या कामांना एकच कोड द्या, म्हणजे समोरच्याला एका क्लिकवर ती वेगळी काढता येतील. सोबत दीड-दोन पानांचं निवेदन: घटना, पुरावा, कुठे जोडलं, आधीची तारीख, नंतरची तारीख, फ्लोट, दोघांचे दिवस. एवढंच. तीस पानी पत्रातला राग कोणी वाचत नाही.

इथे बिल्डरच्या बाजूने एक अडचण येते. "महारेराला दिलेली तारीख ओलांडते, हे शेड्यूल आम्ही स्वीकारू शकत नाही." ती तारीख बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातली आहे. तुमच्या करारातली तारीख वेगळी, तिची कारणं वेगळी. शेड्यूल त्या तारखेत कोंबून पाठवू नका. एकदा कोंबलंत की तुम्ही स्वतःच लिहून दिलं की उशीर झालाच नाही.

टप्पा १०: मंजुरीनंतर

मुदतवाढीचं पत्र हातात आल्यावरच नवी बेसलाइन करा, आणि मंजूर झाले तेवढेच दिवस तिच्यात घाला. २७ मागितले आणि २० मिळाले, तर नव्या बेसलाइनमध्ये २०. उरलेले ७ सोडून दिलेत असा अर्थ लागू नये म्हणून "उर्वरित ७ दिवसांचा हक्क राखून" असं पत्र त्याच दिवशी द्या. जुनी बेसलाइन, मधली सगळी अपडेट आणि प्रत्येक घटनेच्या दोन फाइल तारखेच्या क्रमाने एका फोल्डरमध्ये ठेवा.

पत्र न येता तोंडी "हो, चालेल" मिळालं असेल तर बेसलाइन बदलू नका. मासिक अपडेट जुन्या बेसलाइनवरच चालू ठेवा, घटनेचे बार तसेच दिसू द्या आणि दर महिन्याच्या पत्रात त्या नंबरपुढे "निर्णय प्रलंबित" लिहीत राहा.